अंगद डॉक्टरांचं उष्टं

सेलूच्या दवाखान्यात ज्या दिवशी ऑपरेशन असेल त्या दिवशी अंगद डॉक्टर जेवत नाहीत, ही गोष्ट पाथरीपासून जिंतूरपर्यंत सगळ्यांना माहीत होती. आदल्या संध्याकाळी रोग्याचं खाणं बंद झालं की डॉक्टरांचंही बंद. सकाळी चहासुद्धा नाही. रोगी शुद्धीवर येऊन घरच्या कुणाला तरी नावाने हाक मारेपर्यंत हा माणूस पाण्याचा घोटही घेत नसे. आता लोक म्हटले की त्यांना कारण लागतं, आणि ठाऊक नसलं तर ते तयार करतात. कुणी म्हणे, डॉक्टरांना खंडोबाचा नवस आहे. कुणी म्हणे, हैदराबादेत एका फकिराने त्यांच्या हाताला यश दिलं आणि बदल्यात त्यांची भूक मागून घेतली. कापसाच्या बाजारातले अडते तर छातीठोक सांगत की उपाशी पोटामुळेच डॉक्टरांचा हात इतका हलका चालतो. बायाबापड्या त्यांच्या पाया पडत. डॉक्टर पाय मागे घेत, तर लोक म्हणत, बघा, देवमाणूस असूनही जराही तोरा नाही.

पाय मागे घेण्यात नम्रता वगैरे काही नव्हती. पायाशी कुणी वाकलं की त्या माणसाला चोरी पकडली गेल्यासारखं व्हायचं. कारण खरी हकीकत नवसाची नव्हती, फकिराची तर मुळीच नव्हती. खाण्याचीच होती, आणि लाज वाटावी अशी होती.

अंगद मूळचा बोरीचा. बाप येडबा मेंढरं राखायचा, आई केवळाबाई घोंगड्यांसाठी लोकर कातायची. पोरगा हुशार निघाला, मास्तरांनी मनावर घेतलं, आणि बापाने कळपातली एकेक मेंढी विकत त्याला आधी परभणीला आणि मग हैदराबादेला धाडलं. घरात खाणं बेताचंच असे, पण खाण्याची रीत पक्की होती. रानात मेंढरं बसवली असतील तिथे भाकरीचं फडकं सोडलं की आधी चहूकडे नजर टाकायची. कुणी दिसलं की "ये जेवायला" म्हणायचं, आणि तो आला की भाकरी मोडून निम्मी त्याच्या हातावर ठेवायची. समोरचा उपाशी बसलाय आणि आपण एकटेच चघळतोय, याच्याइतकं हलकं काम त्या घराला ठाऊक नव्हतं.

हैदराबादेत त्याच्या पोटाचे हाल झाले. वसतिगृहाच्या खानावळीतला भात आणि आंबट वरण, ज्वारीवर वाढलेल्या पोराच्या अंगी लागेना. त्यात मुडद्यांची चिरफाड शिकताना पहिलं वर्षभर तर घशाखाली घास उतरायचा नाही. सुट्टीत तो घरी आला की केवळाबाई अंगठा आणि मधलं बोट त्याच्या मनगटाभोवती फिरवून बघायची. तोच तिचा काटा. बोटं एकमेकांवर चढली की तिचा चेहरा उतरायचा.

"अंगदा, तितं तुला शिकवायलेत का वाळवायलेत?"

निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा तो डॉक्टर होऊन परतला. सेलूला एका जिनिंगवाल्या शेटजींनी रेल्वेच्या रुळाजवळ लहानसा दवाखाना बांधला होता. तिथे डॉक्टर व्यंकटराव नावाचे सर्जन होते. निजामाच्या फौजेतल्या जखमा शिवता शिवता त्यांचे केस पिकले होते, आणि जीभ फौजेतलीच राहिली होती. ऑपरेशनची तालीम घ्यायला अंगद त्यांच्या हाताखाली राहिला.

तालीम कसली, हमालीच ती. उजाडायच्या आत हत्यारं उकळायला टाकायची, मग जखमेच्या कडा आकड्याने ओढून धरून तासन् तास उभं राहायचं, हलला की म्हाताऱ्याची शिवी खायची. रिकाम्या वेळी खाटेच्या पायाला दोरा बांधून गाठी मारायच्या, एका हाताने, डोळे मिटून. हे सगळं संपवून तो स्टेशनजवळच्या खानावळीत पोचेपर्यंत तिथली भांडी घासून पालथी पडलेली असत. सकाळची भूक दुपारी, दुपारची संध्याकाळी, असं करत पहिले काही महिने त्याने चहावर आणि भज्यांवर काढले.

दवाखान्याच्या मागे एक लिंबाचं झाड होतं. रोग्यांबरोबर आलेली माणसं त्याच्याखाली तीन दगड मांडून स्वयंपाक करत. एके दिवशी बोरीच्याच बाजूची एक म्हातारी त्याला म्हणाली, "डाक्टर, तोंड सुकून गेलंय की तुमचं. चतकोर खाता का?" अंगदने चतकोर खाल्ली, मग अख्खी खाल्ली, आणि त्याला गोडी लागली ती लागलीच.

त्यानंतर पट्टी बांधायला निघालेला अंगद लिंबाकडून गेला नाही असा दिवस उजाडला नाही. कुणाकडे अंबाडीची भाजी, कुणाकडे पिठलं, ज्याचं दुखणं बरं झालं त्याच्याकडे तूपपोळी, आणि थंडीत तर लोक मुद्दाम डॉक्टरांसाठी हुरडा घेऊन येऊ लागले. वर्षभरात त्याचे गाल वर आले, सदऱ्याची बटणं ताणली गेली. दवाखान्यात भुलीचं औषध द्यायला बन्सीधर कंपाउंडर होता. त्याची जीभ तिखट. तो म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, एकदा जिनिंगच्या काट्यावर बसून या. शेटजी गठाण समजून मुंबईला धाडतील तेवढं सांभाळा." केवळाबाई भेटायला आली तेव्हा तिची बोटं मनगटाभोवती पुरली नाहीत. तिने दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा हसली. आपल्या पोराने डॉक्टर होऊन काय मिळवलं, हे त्या माउलीला त्या मनगटात दिसलं.

एकटे व्यंकटराव खुश नव्हते. एकदा अंगद मिशीला लागलेलं ताक पुसत आत आला तेव्हा ते म्हणाले, "मियाँ, रोग्याच्या दारात जेवू नकोस. तिथं तू पाहुणा झालास की डॉक्टर उरत नाहीस. मग तू सांगितलेला हुकूम त्यांना हुकूम वाटत नाही."

अंगदने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लिंबाखाली होता. म्हातारा आपल्याला चार घासही सुखाने खाऊ देत नाही, असंच त्याला वाटलं.

आणि मग वैजीनाथ आला. पाथरीकडच्या एका खेड्यातला, मेंढरं राखणारा, कधी मजुरीला जाणारा, अंगदच्याच वयाचा. त्याला अंतर्गळ होता. ओझं उचललं की जांघेत गोळा उतरायचा. गडी एरवी धडधाकट होता. बरोबर बायको होती, कडूबाई. व्यंकटरावांनी रोगी तपासला आणि अंगदला म्हणाले, "हा तू करायचा. मी फक्त बाजूला उभा राहणार."

पहिलं स्वतःचं ऑपरेशन. अंगदला त्या रात्री झोप कुठली? संध्याकाळीच त्याने कडूबाईला बजावलं होतं, "सकाळी यांना काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. भूल देताना पोट रिकामं पाहिजे." तिने "व्हय, डाक्टरसाहेब" म्हटलं होतं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

सकाळी तो वैजीनाथची नाडी बघायला गेला. व्हरांड्यातल्या खाटेशेजारी कडूबाई ताट घेऊन बसली होती. गरम भाकरी, जवसाची चटणी आणि मेंढीच्या दुधाचं दही. दह्यावर साईचा जाड थर. बोरी सोडल्यापासून त्याने ते दही पाहिलं नव्हतं.

"तुमच्यासाठीच केलंय," कडूबाई म्हणाली. "येवढ्या मोठ्या कामाला निघालात. दह्याचा घास घेतल्याबगर जाऊ नका."

"खा, डाक्टर," खाटेवरून वैजीनाथ हसत म्हणाला. "माझ्या पोटात कावळे वरडायलेत, पण तुमच्या हातात बळ पायजे."

अंगद खाटेच्या कडेलाच टेकला आणि खाऊ लागला. उपाशी माणसाच्या पायाशी बसून, त्याच्या डोळ्यांदेखत. बापाच्या मेंढरांमागे असं कुणी केलं असतं तर येडबाने त्याला भाकरीसकट उठवला असता. पण अंगदच्या तोंडात तेव्हा आईच्या हातची चव होती आणि डोक्यात पहिलं ऑपरेशन. अर्धी भाकरी झाली असेल, तेवढ्यात आतून बन्सीधरची हाक आली की पाणी उकळलं, साहेब वाट बघायलेत. अंगदने हात झटकला, ताट तसंच ठेवलं आणि आत धावला. ताटात अर्धी भाकरी होती, दही होतं, चटणी होती. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढे जे झालं ते कडूबाईने कपटाने केलं नाही, अडाणीपणाने केलं असंही म्हणवत नाही. नवरा उपाशी, डॉक्टरने त्याच्या अंथरुणावर बसून घास घेतलेला, आणि समोर त्या डॉक्टरचं उष्टं ताट. ज्याच्या हातात आता नवऱ्याचा जीव सोपवायचा, त्याच्या हातचं उष्टं म्हणजे तिच्या लेखी प्रसाद. देवाचा प्रसाद खाल्ल्याने उपास मोडतो का? तिने ती दही-भाकरी कालवली आणि नवऱ्याला भरवली. बन्सीधरने भूल देण्याआधी विचारलं, "काही खाल्लं का?" वैजीनाथ म्हणाला, "न्हाई." आणि त्यालाही आपण खरंच बोलतोय असं वाटत होतं.

अंगदचा हात त्या दिवशी छान चालला. व्यंकटरावांना एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. शेवटचा टाका पडला आणि म्हातारा "शाबास" म्हणाला, तोच वैजीनाथचं अंग उसळलं. तोंडावरच्या फडक्याखाली उलटी झाली आणि भुलीतल्या माणसाने ती श्वासाबरोबर आत ओढली. चेहरा निळा पडला. अंगदने त्याची मान एका बाजूला वळवली, घशात बोट घातलं आणि हाताला लागेल ते बाहेर काढलं. पांढरं दही, भाकरीचा लगदा, त्यात जवसाचे काळपट कण. तेच कण अंगदच्या दातांतही अजून अडकलेले होते.

वैजीनाथ तिथल्या तिथे दगावला नाही. श्वास परत आला, पण छातीत घरघर राहिली, संध्याकाळपासून ताप चढला. व्यंकटराव व्हरांड्यात आले आणि सगळ्या रोग्यांसमोर कडाडले, "याला खायला कोणी दिलं?"

खाटेखाली ते ताट होतं. चाटूनपुसून लख्ख. कडूबाईने ताटाकडे पाहिलं, मग अंगदकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. आणि अंगदने काय केलं? त्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या नखांकडे बघू लागला.

"मी दिलं," कडूबाई म्हणाली. "घासभर."

"नवऱ्याचा जीव घ्यायला आणलंस का इथं?" व्यंकटराव ओरडले, आणि आणखी पुष्कळ बोलले. एक वाक्य पुरलं असतं. 'ते माझं ताट होतं, साहेब.' अंगदच्या जिभेवर ते आलं होतं. पण त्यापाठोपाठ म्हाताऱ्याची ताकीद आठवली, 'शाबास' आठवलं, विकलेली मेंढरं आठवली, आणि जीभ टाळ्याला चिकटली. नंतर सांगू, असं त्याने ठरवलं. माणूस बरा झाला की सांगू.

वैजीनाथ बरा झाला नाही. फुप्फुसं भरत गेली आणि दोन-तीन दिवसांत तो गेला. कडूबाई त्याला बैलगाडीत घालून घेऊन गेली. गाडीच्या मागून निघालेली बातमी तिच्याआधी गावात पोचली की कडूने नवऱ्याला खाऊ घालून मारलं.

त्यानंतर अंगद लिंबाखाली गेला नाही. दही बघितलं की त्याला उमासा यायचा. जसा फुगला होता तसा तो उतरला, सदरे खुंटीवर टांगल्यासारखे अंगावर लोंबू लागले. बन्सीधरचे विनोद बंद झाले. केवळाबाई आली, तिने मनगट धरलं, आणि बोटं नुसती चढली नाहीत तर पेरभर पुढे गेली. "काय खुपायलंय, बाबा?" तिने विचारलं. तो म्हणाला, "काम लई असतं, आई." मायलेकरांत तो पहिला खोटेपणा.

तालीम पुरी झाली. व्यंकटराव थकून हैदराबादेला लेकीकडे गेले आणि दवाखाना अंगदवर आला. पहिल्याच ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्याने रोग्याला उपाशी ठेवलं आणि मग स्वतःपुढचंही ताट बाजूला सारलं. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. त्याला ती शिक्षा वाटली, आणि स्वस्त शिक्षा वाटली. पण झालं असं की डॉक्टरच उपाशी आहे म्हटल्यावर रोग्याचे नातेवाईकही चोरून काही भरवीनात. 'डाक्टर पानी बी पीत न्हाईत, तर आपुन कसं द्यावं?' त्या उपाशीपणाने पुष्कळ जीव वाचले, आणि तिथून त्याचा देवमाणूस होत गेला. जितकी कीर्ती वाढली तितका तो आत खचत गेला. कारण लोक ज्याला नमस्कार करत होते त्याच उपासाच्या तळाशी वैजीनाथ होता.

मध्ये एकदा तो धीर करून कडूबाईच्या गावाला गेला होता. घराला कुलूप होतं. ऊसतोडीला गेलीय कारखान्याकडं, असं विहिरीवर कुणी सांगितलं. परत फिरताना त्याच्या छातीवरचं ओझं हलकं झालं, आणि ते हलकं झालं याचीच त्याला पुढे वर्षानुवर्षं किळस वाटत राहिली.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका दुपारी कडूबाईचा थोरला भाऊ तिला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी तिला ओळखलं ते डोळ्यांवरून. हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि पोट मात्र दिवस भरल्यासारखं. पोटात गाठ होती. काढली तर बाई जगणार होती.

"खात न्हाई काही," भाऊ म्हणाला. "सासरी तिच्या हातचं कुनी खात न्हाई ना. दीर भुजंग, त्याचं अख्खं घर. लग्नाकार्यात चुलीपशी जाऊ देत न्हाईत. पोराबाळाला घास दिला तरी हिसकून घेत्यात. मग तिची बी खान्यावरची वासनाच गेली, साहेब. एकटीपुरती भाकर टाकायची, अन् ती बी कुत्र्याला घालायची."

दुसऱ्या सकाळी ऑपरेशन ठरलं. दिवेलागणीला डॉक्टर तिच्या खाटेजवळ जाऊन बसले. तीच व्हरांड्याची बाजू. पोटात त्यांच्याही अन्न नव्हतं, तिच्याही नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. ताट माझं होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी भ्यालो. खरं सांगायचं तर आता ही बाई एक तर शाप देईल नाही तर माफ करील, दोन्हींपैकी काहीही चालेल, असं त्यांना वाटत होतं.

कडूबाईने दोन्हींतलं काही केलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "हे मला काहून सांगायलाव, डाक्टर? मला म्हाईतच हाय की. मी तितंच होते."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्या रोजी तुमी मान खाली घातली, ती बी मी बघितली. पन ते आजून जित्ते होते. तुमचं नाव घेतलं असतं अन् तुमी रागानं त्यांना हातच लावला नसता तर? म्हून गिळलं. मंग ते गेले, अन् बोलायचं ऱ्हाऊन गेलं." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "सांगायचं असंल तर माझ्या दिराला सांगा. गावाला सांगा. मला सांगून तुमचं मन हलकं व्हईल, माझं काय व्हईल?"

इतक्या वर्षांत आपण जे कबूल करायचं म्हणून झुरत होतो, ते चुकीच्या माणसाला कबूल करायला निघालो होतो, हे डॉक्टरांना तेव्हा कळलं. तिने त्यांना उघडं केलं होतं आणि तेही आवाज न चढवता.

गाठ निघाली. शुद्धीवर येताना कडूबाईने कुणाचं नाव घेतलं नाही, नुसतं पाणी मागितलं. ती चालण्याजोगी झाली तेव्हा डॉक्टर तिच्या आणि तिच्या भावाच्या बरोबर पाथरीच्या एस.टी.त बसले आणि पुढे बैलगाडीने गावात गेले. उपाशी डॉक्टर आलेत म्हटल्यावर मारुतीच्या पाराभोवती गाव जमलं. भुजंग हात जोडून पुढे आला. डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं, अजिबात आडपडदा न ठेवता. खाटेवर बसून आपण कसं खाल्लं, ताट कसं टाकून गेलो, या बाईवर कसा आळ येऊ दिला.

सगळे ऐकत होते. ते थांबले तेव्हा एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. "देवमानूस म्हनत्यात ते खोटं न्हाई," तो म्हणाला. "एका विधवा बाईचा कलंक धुवायला सोताच्या अंगावर घेयला निघाले."

"मी अंगावर घेत नाही. ते माझंच आहे," डॉक्टर म्हणाले.

"व्हय, व्हय," लोक म्हणाले, आणि दोघीतिघी पाया पडायला पुढे झाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जितकं निक्षून सांगावं तितकी माणसं जास्तच गहिवरत होती. जो माणूस परक्या रोग्यासाठी उपाशी राहतो, तो असं करीलच कसा? वर्षानुवर्षांच्या त्या उपासाने त्यांच्या तोंडचं खरं खोटं करून टाकलं होतं. त्यांनी हताश होऊन कडूबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि आता काय, एवढंच तिच्या नजरेत होतं.

"कडूबाई," ते म्हणाले, "भाकरी टाकाल का? मला भूक लागलीय."

भुजंगचं घर पाराला लागूनच होतं. तिथे चूल पेटलेलीच होती. कडूबाई आत गेली. भुजंगची बायको परातीजवळून उठली, काही न बोलता बाजूला झाली. भाकरी थापल्याचा आवाज बाहेर येत होता आणि माणसं तो ऐकत उभी होती. ताट आलं, भाकरी, जवसाची चटणी आणि दही. ते तिने मुद्दाम वाढून आणलं की घरात तेवढंच होतं, कोण जाणे.

डॉक्टरांनी घास घेण्याआधी मान वर केली, चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "भुजंगराव, या जेवायला."

भाकरी मोडून त्यांनी निम्मी पुढे केली. भुजंग तिच्याकडे बघत राहिला. डॉक्टरांचा शब्द त्याला पटला नव्हता, पण डॉक्टरांच्या हातचं नाकारायची त्याची छाती नव्हती. तो मांडी घालून बसला आणि त्याने खाल्लं. मग त्याची पोरं बसली. आतून आणखी भाकरी आल्या, कडूबाईच्या हातच्या, आणि म्हाताऱ्यांनीही हात पुढे केले.

डॉक्टर खाली बघून खात होते. पहिल्याच घासाला उमासा आला, तो त्यांनी गिळला. दह्याचा शेवटचा कण त्यांनी बोटाने निपटून घेतला. तेवढ्यात मागून एक म्हातारी सरकत आली. तिचा नातू तापाने फणफणला होता. तिने ताटाकडे हात केला. "काही ठिवलं असंल तर द्या, साहेब. तुमचं उष्टं पोराला चाटवते."

त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, बोटाने खळबळून ते पाणीही पिऊन टाकलं आणि ताट पालथं घातलं. "पोराला माझ्याकडे आणा," ते म्हणाले. "तपासतो." म्हातारी भारावून हात जोडत मागे गेली. एवढ्या मोठ्या माणसाने अन्नाचा कणही वाया घालवला नाही, हे आता आणखी दहा गावांत जाणार होतं.

कडूबाई पालथं ताट उचलायला वाकली. ते पालथं का पडलं, हे तिला एकटीला कळलं होतं.

"माझं उतरलं, डाक्टर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचं तुमच्यापशीच ऱ्हायलं."

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. मग ते हात धुऊन त्या तापलेल्या पोराची नाडी बघायला उठले.